तात्यांची चेन, जयूची झोप

उज्जैनच्या फ्रीगंजात कुणाच्या आवारात वादळानं झाड आडवं झालं, की तो माणूस विजेच्या ऑफिसात अर्ज करायचा तो करायचा, पण पाय वळायचे तात्या पोतनिसांच्या ओट्याकडे. तात्या हातातला कप खाली ठेवायचे, मिलमधले जुने जाड बूट चढवायचे आणि निघायचे. खांद्यावर झाडं कापायची नारिंगी मशीन, मागे दोराचं वेटोळं घेतलेला वसंत, आणि वसंताच्या मागे ज्याला म्हणून काही उद्योग नाही अशी निम्मी गल्ली. पोतनिसांचे पूर्वज कधीकाळी शिंदे सरकारची तिजोरी सांभाळायला माळव्यात आले, आणि त्यांच्या वंशजानं आता लोकांचे निंब उतरवत हिंडावं, हे माधवनगरातल्या दोन-चार नातेवाइकांच्या पचनी पडत नसे. तात्या त्यांच्याकडच्या फांद्याही तितक्याच प्रेमानं कापून देत.

तात्यांची बायको जयू ब्लाउज शिवायची. खिडकीशी तिची शिलाईची मशीन होती. गल्लीतल्या बहुतेक बायकांची मापं तिच्या डोक्यात असत, आणि त्यातलं कुणाचं केव्हा वाढलं हेही. पण ते ती कधी कुणाला सांगत नसे. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायच्या आधी ती मशीनचा चामडी पट्टा चाकावरून उतरवून खुंटीला लावायची. रात्रभर ताणलेला राहिला की पट्टा वाढतो, मग चाक नुसतं फिरतं आणि सुई जागची हलत नाही. हे तिला आईनं शिकवलं होतं आणि लग्न होऊन उज्जैनला आल्यापासून एक दिवसही त्यात खंड पडला नव्हता.

तात्या आधी मिलमध्ये फिटर होते. सिंहस्थ झाला आणि पुढच्याच वर्षी मिलला कुलूप लागलं. त्या दिवसांत देशात सगळंच उघडत चाललंय असं पेपरात यायचं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं बूथ आलं, समोरच्या घरावर केबलची तार आली, पानवाल्याकडे परदेशी थंड पेयं आली. तात्यांच्या वाट्याला तेवढं बंद फाटक आलं.

वर्षभर ते ओट्यावर बसून राहिले. भांडले असते, रडले असते, पत्ते कुटत बसले असते तरी जयूला चाललं असतं. निदान काय करायचं ते तिला समजलं असतं. पण ते नुसते बसत. भोंग्याच्या वेळेला उठत, आणि आता भोंगा नाही हे आठवून परत बसत. एकदा जयूनं मुद्दाम आमटी अळणी करून पाहिली. तात्यांनी ती निमूट खाल्ली आणि वर आणखी एक वाटी मागून घेतली. त्या दुपारी स्वयंपाकघरात दार लोटून ती पोटभर रडली.

त्या गर्तेतून त्यांना ओढून काढलं ते जयूच्या भाच्यानं, परागनं. परदेशी माल आणणं सोपं झालं तेव्हा त्यानं इंदूरला शेतीच्या मशिनरीची एजन्सी घेतली आणि उत्साहाच्या भरात झाडं कापायच्या काही मशिनी मागवल्या. माळव्यातल्या शेतकऱ्यांनी त्या येऊन पाहिल्या, हात लावला, तोंडभर कौतुक केलं आणि घरी जाऊन कुऱ्हाडीला धार लावली. त्यातली एक मशीन पराग तात्यांच्या ओट्यावर ठेवून गेला.

"तात्या, तुम्ही बघा हिचं काही होतं का. माझ्याकडे नुसती धूळ खाऊन राहिली आहे," तो म्हणाला. चेन कशी कसायची, ढिली कशी करायची, तेल कुठलं घालायचं, हे सगळं त्यानं तात्यांना समजावून सांगितलं आणि शेवटची बस पकडायला पळाला.

तात्यांनी पेपर पसरून मशीन उघडली. पुढे लांब पोलादी पट्टी, तिच्या कडेनं फिरणारी धारदार दात्यांची चेन, आणि मागे इंजिनाजवळ, झाकणाच्या आत, ती चेन फिरवणारं छोटंसं दातेरी चाक. उज्जैनचे मिस्तरी त्याला गरारी म्हणतात. सायकलला असते तीच गोष्ट, फक्त तळहातात मावेल एवढी. दिवसभर तात्यांचं डोकं त्या मशिनीतून वर आलं नाही. रात्री जेवताना पहिला घास घेतला आणि ते म्हणाले, "आज मीठ कमी आहे."

जयूनं मिठाची बरणीच आणून त्यांच्या पानाशेजारी ठेवली. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

मग मिलमधला जुना जोडीदार वसंत दोर धरायला आला आणि दोघांचा जम बसला. तात्या बोलायला लागले, गल्लीतल्या लोकांना नावं ठेवायला लागले, जेवणात खोड्या काढायला लागले. अंगाला पेट्रोलचा आणि ओल्या लाकडाचा वास यायचा. जयू वरवर नाक मुरडायची, पण त्या वासावाचून घर तिला सुनं वाटायला लागलं होतं.

मशीन आली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, मोठी आंधी येऊन गेल्यावर, तात्या एकदा पडलेला गुलमोहर कापून परत आले ते थेट न्हाणीघरात गेले. जयूला पँट सापडली ती बादलीच्या तळाशी, दोन टॉवेलांच्या खाली कोंबलेली. गुडघ्याच्या वर चांगली चार बोटं फाटलेली.

"हे काय आहे?"

"खिळ्याला अडकली."

"खिळा असं नाही फाडत. खिळा दोरे ओढतो," जयू म्हणाली. "हे कापलंय."

जिचा जन्म कापडात गेला तिच्यापासून कापड लपवायला गेले होते, त्याची शिक्षा तात्यांना तिथेच मिळाली. सगळं सांगावं लागलं. चेन ढिली झाली होती, चालता चालता पट्टीवरून उतरली आणि पायावर आपटली. कातडीला लागली नाही, एवढंच.

जयूनं ती पँट पिळून दोरीवर टाकली. मग म्हणाली, "आता नीट ऐका. मला तुमचे दोन्ही पाय हवे आहेत. परत एकदा ही चेन उतरली, तर मशीन परागच्या घरी जाईल. मतलब जाईलच. मग मी कुणाचं ऐकणार नाही."

"मंजूर," तात्या म्हणाले.

पण नुसत्या मंजूरनं झोप कुठली यायला! डोळे मिटले की जयूला ती चेन दिसायची. या कुशीवरून त्या कुशीवर नुसती तळमळ, आणि सकाळी सुई ओवताना दोरा चार-चार वेळा चुकायचा. शेवटी तिनं स्वतःच उपाय काढला. दुष्मन कोण, तर ढिली चेन. मग ती ढिली राहताच कामा नये. तात्या कामावरून आले, की हातपाय धुवायच्या आधी ओट्यावर बसून, तिच्या डोळ्यांदेखत चेन कसायची, असा तिनं नियम घालून दिला.

मशीन अजून गरम असायची. तात्या स्क्रूड्रायव्हर लावायचे, स्क्रू फिरवायचे आणि वर बघायचे.

"बस का?"

"अजून थोडी," जयू म्हणायची.

तात्या आणखी फिरवायचे. मग जयू पदराच्या टोकानं चेन चिमटीत धरून ओढून बघायची. पट्टीपासून जराही सुटत नाही अशी खात्री पटली, की ती आत जायची, आपल्या मशीनचा पट्टा उतरवायची आणि दिवा लावायची. त्या रात्रीपासून तिला झोप लागली. वसंताला हा कार्यक्रम एकदा पाहायला मिळाला. "वहिनी, मिलमध्ये सुपरवायझर म्हणून तुम्हीच पाहिजे होत्या," तो म्हणाला, आणि जयूनं त्याला त्याबद्दल चहात साखर कमी घातली.

असं वर्षाहून जास्त चाललं. चेन वाढत गेली, तात्या कसत गेले, आणि नवरात्र आलं तेव्हा स्क्रूला पुढे सरकायला जागाच उरली नव्हती. परागनं नवी चेन पाठवून दिली होती. पोतनिसांकडे खंडेनवमीला पाटावर घराण्याची तलवार निघायची. घराणं पडलं तिजोरीवाल्यांचं, तेव्हा ती तलवार कधी म्यानातून बाहेर आली असेल तर ती याच पूजेसाठी. तिच्या शेजारी जयूची कात्री, मिलमधले पाने, आणि आता मशीन आल्यापासून ती. सणाला पोरांना नवे कपडे, तशी मशीनला नवी चेन, असं तात्यांनीच ठरवून टाकलं होतं. जुनी, वाढलेली चेन घालून तिला पाटावर बसवणं त्यांच्या जिवावर आलं.

नवी चेन चढली. झेंडूचा हारही चढला. पण तात्यांचा चेहरा काही सणाचा नव्हता. त्यांनी चेन हातानं ओढून पाहिली. ती जागोजागी अडखळत होती. झाकण काढून आत पाहिलं, पुन्हा बसवलं.

"काय झालं?" जयूनं विचारलं.

"काही नाही. परागला एक पार्ट आणायला सांगितलाय. तो आला की झालं."

तो पार्ट येईपर्यंत तात्यांनी थांबायचं ठरवलं होतं. पण दसरा झाल्यावर माधवनगरातून उषाताईंचा निरोप आला. उषाताई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या निंबाची मोठी फांदी तडकून न्हाणीघराच्या पत्र्यावर टेकली होती. तेवढं एकच काम करून येतो, असं म्हणून तात्या निघाले. उषाताईंचे ब्लाउज द्यायचे होते, म्हणून जयूही बरोबर गेली.

ती अंगणात उभी होती, हातात ब्लाउजांची पिशवी. मशीन फांदीत उतरली, पांढरा भुसा उडाला, आणि मग आवाज बदलला. इंजिन एकदम मोकळं ओरडलं आणि चेन पट्टीवरून सुटून सुटलेल्या नाडीसारखी खाली लोंबायला लागली. तात्यांचं बोट खटक्यावरून आधीच निघालं होतं. मशीन बंद पडली. कुणाला काही झालं नाही. पँटसुद्धा शाबूत होती.

जयू पायरीवर बसली.

"वहिनी, नुसती उतरली. लागलं काहीच नाही," वसंत घाईघाईनं म्हणाला.

"मी काही म्हटलं का, वसंतभाऊजी?"

तात्यांनी लोंबणारी चेन गोळा करून आपल्या हत्यारांच्या पिशवीत ठेवली. ते जयूकडे आले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "जाताना परागला फोन करतो. रविवारी घेऊन जाईल." मग त्यांनी आणि वसंतानं राहिलेली फांदी हातकरवतीनं कापली आणि दोरावर घेऊन हळूच खाली सोडली.

घरी आल्यावर तात्यांनी मशीन पुसून लख्ख केली. ज्या खोक्यातून ती आली होती ते खोकं माळ्यावरून काढलं, झटकलं, तिला आत ठेवलं आणि सुतळीनं बांधलं. जयूची फार इच्छा होती की त्यांनी भांडावं. एवढं काय त्यात, असं म्हणावं; तू बाईमाणूस, तुला मशीनमधलं काय कळतं, असं तोडून बोलावं. म्हणजे तिला रागावता आलं असतं आणि रागाच्या भरात थोडं मागेही येता आलं असतं. पण शब्द दिलेला माणूस शब्द पाळत होता, त्याच्याशी भांडायचं कसं?

जेवायला बसल्यावर जयूनं आमटीचा घास घेतला आणि तिच्या लक्षात आलं की मीठ घालायचंच राहिलंय. तिनं समोर पाहिलं. तात्या भातावर आमटी घेऊन मुकाट्यानं जेवत होते. अंगणात चेन उतरली तेव्हाची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

रविवारी पराग स्कूटरवर आला. खोकं बघून तो म्हणाला, "न्यायच्या आधी एकदा उघडून बघतो. चेन नवी होती, ती उतरायला नको." त्यानं ओट्यावर पेपर पसरला, सुतळी सोडली, झाकण काढलं, आणि आतली गरारी बाहेर काढून तळहातावर घेतली.

"आत्या, इकडे ये जरा. हे बघ."

जयूनं वाकून पाहिलं. दाते झिजून एका बाजूला वाकडे झाले होते आणि त्यांच्यामध्ये नख अडकेल असे खड्डे पडले होते.

"हिच्यावर नवी चेन बसणार कशी? खड्डे पडलेत जुन्या चेनचे," पराग म्हणाला. "पण तात्या, एवढ्या कामानं गरारी अशी होत नाही. तुम्ही काम संपल्यावर गरम चेन कसून ठेवता का?"

तात्या समोरच्या घराच्या केबलच्या तारेकडे बघत होते.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना," पराग आपल्या तंद्रीत बोलत राहिला. "कापताना चेन तापते आणि वाढते. तेव्हा ढिली वाटली तर कसा, बेशक कसा. पण काम झालं की ढिली करूनच ठेवायची. गार झाली की ती आखडते. मग रात्रभर गरारीला आवळून बसते, सकाळी तशीच आवळलेली फिरते आणि गरारी खाऊन टाकते. विसरलात तुम्ही?"

"नाही," तात्या म्हणाले. "विसरलो नाही."

परागला काही उलगडा झाला नाही. जयूला झाला. तिची नजर आपोआप खिडकीकडे गेली. तिच्या मशीनचा पट्टा खुंटीला लोंबत होता. लहानपणापासून जे तिला माहीत होतं, रोज संध्याकाळी जे ती स्वतःच्या हातानं करत होती, त्याच्या बरोब्बर उलटं ती ओट्यावर उभी राहून तात्यांकडून करून घेत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. ढिली ठेवू दिली असतीस," तात्या म्हणाले. "आणि जागत बसली असतीस. पँट फाटली तेव्हाचे दिवस मी बघितलेत ना. चेन कसून ठेवली त्या रात्री तू नीट निजलीस. गरारीचं काय, दुसरी मिळते."

परागनं मान वर केली. "मग आत्या झोपल्यावर ढिली करायची."

"तिच्यासमोर एक आणि मागे दुसरं? पँट लपवली होती, तेवढं पुरे झालं."

जयूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच पाण्यातून तिला रागही आला. "आणि माझ्या झोपेपायी परवा तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? मग मी कुठली झोप झोपणार होते?"

"ते चुकलंच," तात्या म्हणाले. "गरारी बदलल्याशिवाय नवी चेन घालायलाच नको होती. नवमीला मशीनला जुन्या चेननिशी पाटावर बसवायचं, ते मनाला येईना."

परागनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. "तात्यांनी सांगितलेली नवी गरारी मी आणलीय खरी. पण मशीन तर नेऊनच राहिलोय ना मी? की नाही?"

"तू चहा घे," जयू म्हणाली.

ती आत गेली. चहाच्या आधी बाहेर आली ती हळद-कुंकवाचा करंडा घेऊन. नवी गरारी तिनं हातात घेतली. तेलकट, चकचकीत, एकसारख्या दात्यांची. एकदा झाकणाच्या आत गेली की ती कुणाच्या नजरेला पडणार नव्हती. नवमीला हार चढला तो पट्टीला आणि चेनला. हिच्या आधीची बिचारी आत अंधारात झिजत होती आणि तिला कुणी कुंकवाचं बोटही लावलं नव्हतं. जयूनं हळद वाहिली, कुंकू लावलं.

"आत्या, तेल आहे त्याला. कुंकू चिकटून बसेल," पराग म्हणाला.

"बसू दे."

तात्यांनी गरारी बसवली, नवी चेन चढवली आणि हातानं ओढून पाहिली. अडखळत नव्हती. रिकामं खोकं पुन्हा माळ्यावर गेलं. पराग चहा पिऊन, पोहे खाऊन, हात हलवत इंदूरला परत गेला, आणि रात्री तात्या म्हणाले की आमटीत आज मीठ जरा जास्त झालंय.

दुसऱ्या दिवशी नानाखेड्याच्या बाजूला एका नव्या कॉलनीत काम निघालं. संध्याकाळी तात्या परतले, ओट्यावर बसले आणि मशीन मांडीवर घेतली. पट्टी अजून गरम होती. सवयीनं त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, आणि मग हात थांबवून जयूकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"ढिली करा," ती म्हणाली.

तात्यांनी स्क्रू उलटा फिरवला. चेन पट्टीच्या खालून जराशी सुटली. जयूची भीती काही गेली नव्हती, आणि जाईल असं तिला वाटतही नव्हतं. ती आत गेली, आपल्या मशीनचा पट्टा चाकावरून उतरवला, खुंटीला लावला आणि परत येऊन तात्यांच्या शेजारी ओट्यावर बसली.

"बस का?" तात्यांनी विचारलं.

जयूनं पदराच्या टोकानं चेन चिमटीत धरली आणि ओढून बघितली.

"अजून थोडी," ती म्हणाली.